आमचा पहिला नकार

तीर्थस्वरूप थोरल्या ताईस,

धाकट्या मान-सिकचा जमिनीला कपाळ टेकवून नमस्कार (गुडघे ऐकत नाहीत, तेव्हा मनातल्या मनात). तुझी कंबर कशी आहे? खिंडीपलीकडे वारं फार, तेव्हा फरशीखालची चूल पेटवून फरशी गरम ठेवायला चिक्कूपणा करू नकोस. तू पाठवलेले खारवलेले बांगडे पोचले. उत्तम होते. मी एकही खाल्ला नाही, असं कुणी विचारलं तर सांगायचं आहे.

तर ताई, मान-सिकने एकट्याने गावचा दवाखाना बंद पाडला, हे तुझ्या कानावर आलंच असेल. साफ खोटं आहे. मी फक्त तोंड उघडलं.

ग्वाक डॉक्टर गेल्या थंडीत गेले, तू मयताला आली होतीस. तसा डॉक्टर पुन्हा होणे नाही. छातीला लावायची नळी आधी स्वतःच्या काखेत धरून गरम करायचे. खोकला असो, गुडघा असो, सुनेशी भांडण असो, इलाज एकच. पालथं पाडायचं, डाव्या हाताने कुल्ल्यावर सणसणीत चापट आणि उजव्या हाताने सुई. चापटीच्या नादात सुई कळायचीच नाही. मग आम्ही बुद्धिबळाचा डाव मांडायचो आणि बाहेर पेशंट खोळंबायचे (त्यांनाही डावच बघायचा असायचा). आपलं तरुणपण पाहिलेला माणूस होता गं तो. माझी बायको गेली त्या दिवशी त्यांनी सुईबिई काही दिली नाही, नुसते शेजारी बसून राहिले. फार आठवण येते.

त्यांच्यानंतर आमच्या डोंगरात यायला कुणी डॉक्टर तयार होईना. तेव्हा आरोग्य कचेरीने ठरवलं, की त्यांच्या हाताखालच्या मि-रान नर्सनेच पेशंट तपासावेत, नेहमीच्या गोळ्या द्याव्यात आणि अगदीच अडलं तर शहरातल्या डॉक्टरकडे पाठवावं. आता ही मि-रान सुई म्हणून देत नाही. प्रश्न विचारते. झोप लागते का, जेवता का एकटे, किमचीच्या लोणच्याच्या रांजणात मीठ किती घातलं. मला साखर आहे, म्हणून एकदा म्हणाली, "आजोबा, मोजे काढा." मी म्हटलं, खोकतोय मी वर आणि ही बघतेय खाली! पण ती खाली बसली आणि पायाचं एकेक बोट हातात घेऊन बघत राहिली. (डॉक्टरांनी जन्मभर माझा कुल्लाच पाहिला, पाय कधी पाहिले नाहीत. हे मी त्यांच्याविरुद्ध बोलत नाहीये.) बायको गेल्यापासून मला कुणी हात लावून विचारलं नव्हतं, ताई.

मग कचेरीचा साहेब पेशंटांची मतं विचारायला आला. गाव हो म्हणालं तर मि-रान कायमची, नाही तर बदली. सगळं गाव सभागृहात गोळा झालं. बायका कुजबुजत होत्या, डॉक्टरांना सांगायची लाज वाटायची ते हिला सांगता येतं. शेजारचा चो म्हणत होता, बाकी ठीक आहे, पण सुई टोचल्याशिवाय पैसे वसूल झाल्यासारखं वाटत नाही. साहेबाने मत विचारलं मात्र, सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. गावात सगळ्यांत थोरला आता मीच उरलोय ना! माझ्या मनात आलं, डॉक्टरांचं वर्षश्राद्धसुद्धा झालं नाही आणि आपण त्यांच्या खुर्चीत दुसऱ्याला बसवून टाळ्या पिटायच्या? एका तरी माणसाने त्यांच्या बाजूने बोलायला नको? म्हणून उठलो आणि ठणकावलं, "नर्स ती नर्स. आम्हाला डॉक्टरच पाहिजे."

आता तूच सांग, आपल्याकडे पहिला नकार कधी खरा असतो का? जेवायला बसा म्हटलं की आपण नको म्हणतो, पुन्हा म्हटलं की पुन्हा नको म्हणतो आणि मग तीन वाट्या भात रिचवतो. मी आपला वाट बघत उभा, की आता कुणीतरी म्हणेल, आजोबा, असं काय करता, पोर गुणाची आहे. मग मी थोडे आढेवेढे घेऊन म्हणेन, बरं बाबा, तुम्ही एवढं म्हणताय तर. पण थोरल्याने बोलल्यावर तोंड उघडायचं कुणी? सगळे माना खाली घालून चिडीचूप. साहेबाने "एकमताने नकार" असं लिहिलं आणि जवाचा चहाही न घेता गेला. बाहेर आल्यावर चोच्या बायकोने मला झोडपलं, "केस पिकले, अक्कल कधी पिकणार?" (अगं बये, हे आत म्हणायला जिभेला काय झालं होतं?)

जायच्या दिवशी मि-रान माझ्या दारात आली. मी आतून ओरडलो, "घरात कोणी नाही!" तर म्हणते, "बरं, कुणी आलं तर सांगा, सकाळची गोळी जेवणाआधी. आणि पायाच्या बेचक्या कोरड्या ठेवायच्या." गोळ्या पायरीवर ठेवून गेली. मी दाराच्या फटीतून बघत होतो. रडलो, झालं! म्हातारपणी लपवायचं काय?

असो. मला काय त्याचं. माणसं येतात नि जातात. तू पोटभर जेवत जा.

तुझा,
मान-सिक

ता. क. तिला सध्या तुमच्याच गावच्या दवाखान्यात टाकलंय म्हणे. दिसली तर माझं नाव काढू नकोस. फारच विचारलं, तर सांग की बेचक्या कोरड्या आहेत.

आणखी ता. क. तोच साहेब पुढच्या आठवड्यात तुमच्या गावची मतं घ्यायला येतोय. तुम्हीही नको म्हणालात तर ती थेट लांबच्या पुसान शहरात जाईल. खिंडीपलीकडे मी अजून येऊ शकतो, पुसानला जायचं बळ माझ्या पायांत नाही. तुमच्या गावात सगळ्यांत थोरली तू. साहेबाचं वाक्य पुरं व्हायच्या आत ऊठ. आग्रहाची वाट बघत बसू नकोस, ताई. पहिल्या झटक्यात "हो" म्हण आणि खाली बस. तुझ्यानंतर कुणी बोलणार नाही, याची हमी माझी.