दादाची मिशी

महाड, मार्गशीर्ष वद्य षष्ठी, सन १९३३. संध्याकाळ.

आज बाबांचा दहावा झाला. रडू आले नाही, आताही येत नाही. दादाची मिशी तेवढी डोळ्यांपुढून हलत नाही.

सिनेमात नायकाचे काम मिळाले तेव्हा त्याने ती काढली. बाबा म्हणाले, "बाप जिवंत असताना मिशी काढलीस. परत वाढेल तेव्हाच या घरात ये." सात वर्षे तो आला नाही. वर्तमानपत्रांतल्या त्याच्या नऊ मूकपटांच्या जाहिराती मी कापून वहीत चिकटवल्या आहेत. सगळ्यांत ओठ साफ. शेवटची दीड वर्षापूर्वीची. तेव्हाच मला कळायला हवे होते का?

तार मिळून तो तिसऱ्या दिवशी दासगावच्या बंदरात उतरला, तर चांगली भरघोस मिशी. घरात सरळ आला. त्यानेच सांगितले, "बोलपट आले, माझं काम गेलं. मिशी केव्हाचीच आलीय रे. पण हरून कसं यायचं?"

आज सावित्रीच्या काठी न्हाव्याने आधी मिशी उतरवली आणि हात थांबवला. "आता कसा सिनेमावाला दिसतोस. डोकी र्‍हाऊ दे काय?"

"काढ," दादा म्हणाला.

घरी परतल्यावर मी आत आलो. तो उंबऱ्याबाहेरच थांबला, वरच्या ओठावर बोट ठेवून. "ये ना," म्हटले. हे लिहून होत आले, तरी अजून तो बाहेरच उभा आहे.