हार्मेनने टोचून घेतलं

सोमवार, ४ मार्च

हार्मेन सुई टोचून घेणार! लस म्हणजे देवावर अविश्वास, असं अख्ख्या गावाला ऐकवणारा, चर्चच्या मंडळावर बसणारा माझा नवरा! गिनीतलं मिशन बघायला जायचंय आणि पीतज्वराची लस नसेल तर तिथले लोक विमानतळावरूनच परत धाडतात. मग म्हणे, "सरकारची आज्ञा पाळा, हेही बायबलमध्येच आहे." वा! डिना सहा वर्षांची असताना गोवराने दोन्ही कान गेले पोरीचे. ती मात्र देवाची मर्जी. मला ते कधीच पटलं नव्हतं.

बुधवार, ६ मार्च

लांब झ्वोले शहरातल्या दवाखान्यात गेलो. गावात नाही – कुणी पाहिलं तर! आणि तिथे बाकावर कोण? आमच्याच चर्चचे फॅन डाइक नवराबायको! चौघांनीही भिंतीवरच्या डासाच्या चित्रात डोकं घातलं. शेवटी फॅन डाइक म्हणाले, "हवा छान आहे." बाहेर पाऊस कोसळत होता.

नर्सने विचारलं, "लहानपणी काय काय टोचलंय?"

"काहीही नाही. आमच्या घरात चालत नाही ते," हार्मेन ताठ मानेने.

"तरी आईला विचारा. जुनं कार्ड असलं तर आणा. नाहीतर गोवर, पोलिओ, सगळंच घेतलेलं बरं."

"सक्तीचं तेवढंच द्या." केवढा बाणेदारपणा! सुई दिसताच डोळे गच्च मिटले.

रविवार, १० मार्च

प्रवचन – देवावर भरवसा ठेवा. हार्मेनने मान डोलावली. प्रवचनात चघळायची पेपरमिंटची गोळी मला पुढे करताना टोचलेला दंड दुखला, तोंड वाकडं झालं. बरं वाटलं मला!

घरी डिनाने हातांनी विचारलं, "बाबांना लस चालते, मग मला का नाही चालली?"

मी म्हटलं, बाबांनाच विचार.

गुरुवार, १४ मार्च

कार्ड आहे का विचारायला सासूबाईंकडे गेले. नाहीच म्हणणार, खात्री होती. त्या उठल्या, कपाटातल्या चादरींखालून पिवळं पडलेलं कार्ड काढलं. हार्मेनचं नाव. घटसर्प, पोलिओ, गोवर – सगळे शिक्के!

"त्याच्या वडिलांना माहीत नव्हतं. त्यालाही नाही. डॉक्टर मागच्या दाराने गुपचूप आत घ्यायचे," म्हणाल्या.

मी ओरडलेच. "डिना तापात असताना उशाशी बसून प्रार्थना करत होतात, आई! त्याआधी एक शब्द का नाही बोललात?"

ढोंगी बाई! दार आपटून निघाले.

शुक्रवार, १५ मार्च

सकाळी सासूबाईंचा फोन. एवढंच म्हणाल्या – "मी सायकलवर नेलं त्याला. नऊ किलोमीटर. तुझ्याकडे तर गाडी होती."