एक वाजताची नोंद

बाबा, तुम्ही गेलात तेव्हा मला नोकरी लागायची होती, म्हणून तिथूनच सांगते. मी कोरपन्याकडच्या एका सिमेंट कारखान्यात प्रयोगशाळेत काम करते. मागच्या वर्षी मला तीन महिन्यांसाठी इथिओपियाला पाठवलं होतं. तिथल्या एका कारखान्याचं सिमेंट एका आठवड्यात चांगलं आणि पुढच्या आठवड्यात कच्चं ठरत होतं. असं का होतं, ते शोधून यायचं होतं. आपल्या सावली गावाकडच्या तलावात जाळं टाकणाऱ्याची पोरगी परदेशात चालली म्हणून गावातल्या बायांनी माझ्या हातावर साखर ठेवली. तुम्ही असता तर आधी विचारलं असतं, "त्यायच्याकडं मानसं नाईत का? तुलेच काऊन बलावून राह्यले?" विमान सुटेपर्यंत हाच प्रश्न माझ्या डोक्यात होता. तुम्ही नव्हतात, तरी तो तुमच्याच आवाजात होता.

तिथे उतरल्याबरोबर परवान्याच्या कामासाठी म्हणून ऑफिसवाल्यांनी माझा पासपोर्ट मागून घेतला. मी रोज सकाळी जाऊन विचारायची, झालं का काम. ते हसून उद्या म्हणायचे आणि मी पासपोर्टची झेरॉक्स पर्समध्ये आहे ना, ते पुन्हा बघायची. राहायची खोली चांगली होती, तरी मी दाराला आतून खुर्ची लावायची. जेवायला आंबूस, जाळीदार, घोंगडीएवढी मोठी पोळी असायची. सगळे एकाच ताटातून खायचे. मी वेगळी ताटली मागून घेतली आणि दोन आठवडे भात-केळ्यांवर काढले. कोणी माझ्याकडे बघून आपसात बोललं की माझ्याबद्दलच बोलतात असं वाटायचं. भाषा कळत नसली की माणसाला दुसऱ्याचं प्रत्येक बोलणं आपल्याविरुद्धच वाटतं, हे मी तिथे शिकले.

प्रयोगशाळेत मदतीला पन्नाशीची एक बाई होती. खांद्यावर पांढरी शाल, पायात रबरी बूट. तिला इंग्रजी चार शब्दांपलीकडे येत नव्हतं आणि मला तिची भाषा मुळीच येत नव्हती. दुपारी ती कॉफीचे दाणे तव्यावर भाजायची आणि तो धुरकट तवा एकेकाच्या नाकासमोर धरायची. तो त्यांच्याकडचा मान आहे. माझ्यासमोर तवा आला की मी श्वास रोखून मान हलवायची. आमचं काम असं, की सिमेंट आणि वाळूचे छोटे ठोकळे पाडायचे, ठरावीक उबेच्या पाण्याच्या टाकीत ठेवायचे आणि ठरलेल्या दिवशी यंत्राखाली दाबून फोडायचे. किती जोराला फुटला, त्यावरून सिमेंटची ताकद कळते. मी माझ्या हातानं पाडलेले ठोकळेही कमी जोराला फुटायला लागले. टाकीतलं पाणी मी रोज आठला तपासत होते आणि ते बरोबर वीस अंश असायचं. मग गडबड कुठे होती?

एके दिवशी गाडी लवकर आली आणि मी सातलाच पोचले. काचेतून पाहते तर ती बाई एकटी टाकीपाशी. झाकण उघडलेलं. तिनं किटलीतून काहीतरी पाण्यात ओतलं, कोपरापर्यंत हात घालून ढवळलं, झाकण लावलं, शालीला हात पुसला आणि वहीत काहीतरी लिहिलं.

बाबा, त्या क्षणी मी तिथे नव्हतेच. मी नऊ वर्षांची आहे आणि आपल्या तलावावर पांढरी पोटं वर करून मासे तरंगताहेत. रोहू, कतला, सगळं वर्षभराचं. तुम्ही कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून एकेक मासा पाटीत टाकता आहात. आदल्या संध्याकाळी शेजारच्या काकांना तुम्ही तलावाच्या पाळीवर फवारणीच्या पंपासोबत पाहिलं होतं. ते हात जोडून सांगत होते, "भाऊ, पंप धुतला म्या, पन वावराच्या बांधावरच धुतला. तलावात थेंब नाई गेला." तुम्ही ऐकलं नाही. बारा वर्षं त्यांच्याशी बोलला नाहीत. त्यांच्या घरची करंजी मी खाल्ली म्हणून मला अंगणात उभं केलंत. "काऊन खाल्ली? मले इचारलं?" आणि मग जरा खालच्या आवाजात, "मानसाचं तोंड नोको पाहू, पोरी. हात पाह्य." ते काका दोषी होते का, हे मला अजून माहीत नाही. तुम्हालाही नक्की माहीत नव्हतं, असं आता वाटतं.

मी हात पाहिला होता ना. ती बाहेर गेल्यावर वही उघडली. अक्षरं कळत नव्हती, आकडे कळत होते. रोजच्या तारखेपुढे एक वाजता वीस अंश, एक वाजता वीस अंश. दुपारी एकला तर जेवणासाठी प्रयोगशाळेला कुलूप असतं आणि तेवढा वेळ किल्ली माझ्याकडे! मला भलताच आनंद झाला. चोर सापडल्याचा आनंद. मी कोरपन्याला साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "मॅडम, पक्कं आहे का? त्या बाईची नोकरी जाईन."

"डोळ्यानं पाह्यलं सर. खोट्या नोंदी आहेत."

तक्रार गेली. दुसऱ्या दिवशी ती ऑफिसबाहेरच्या बाकड्यावर बसलेली दिसली, शालीचं टोक दोन्ही मुठींत धरून. मी समोरून गेले. ती उठून उभी राहिली आणि तिनं वाकून मला नमस्कार केला. मला वाटलं, नाटक करते आहे. चार दिवस ती कामावर नव्हती.

पाचव्या दिवशी तिथला तरुण इंजिनिअर वही घेऊन आला. म्हणाला, "तुम्ही तिला किती वाजता पाहिलं?"

"सकाळी सात."

"मग तिनं बरोबर लिहिलंय. आमच्याकडे दिवस उजाडल्यापासून तास मोजतात. तुमचे सात म्हणजे आमचा एक."

मग त्यानं मला ती अक्षरं वाचून दाखवली. टाकी गरम ठेवणारं यंत्र मध्येच बंद पडायचं. तो उंचावरचा मुलूख, पहाटे पाणी गारठायचं आणि गार पाण्यात ठोकळा पक्का व्हायला उशीर लागतो. ती उजाडताच येऊन किटलीत पाणी तापवून ओतायची, हातानं ढवळायची, वीस अंश झाले की लिहायची. म्हणून मला आठला सगळं ठीक दिसायचं. "यंत्र बदला" असं तिनं त्याच वहीत सात ठिकाणी लिहिलं होतं. तिथल्या प्रयोगशाळेच्या आधीच्या साहेबानं ते एकदाही पाहिलं नव्हतं. मी ज्यासाठी समुद्र ओलांडून गेले होते, ते उत्तर माझ्या टेबलापासून दहा पावलांवर पडलं होतं.

मी तक्रार मागे घेतली. 'भाषेमुळे झालेला गैरसमज' असं लिहिलं. ती परत आली. नवं यंत्र बसलं, ठोकळे नीट फुटायला लागले. माझ्या अहवालाचं कौतुक झालं. त्यात यंत्राचा उल्लेख आहे, तिचा नाही. तक्रार कोणी केली हे तिला कळलं होतं की नाही, हे मला शेवटपर्यंत समजलं नाही. ती तशीच तवा पुढे करायची आणि आता मी वास घ्यायची, पण घेता घेता तिचा चेहरा न्याहाळायची. हिला माहीत आहे का? माहीत असून ही अशी वागते, तर का? निघायच्या दिवशी तिनं ताटातला घास करून स्वतःच्या हातानं माझ्या तोंडात घातला. सगळे हसले. मी तो घास तोंडात तसाच धरून गाडीत बसले.

तुम्ही शिकवलंत त्यात खोट काढायला हे लिहीत नाही. त्या नजरेनं मला पुष्कळदा वाचवलंही आहे. पण बाबा, हात पाहिल्यावर विचारायचं असतं, एवढं तुम्ही सांगायचं राहिलं, आणि माझंही विचारायचं राहिलं.

हे पत्र खरं तर त्या बाईला जायला हवं. इंजिनिअरचा नंबर माझ्याकडे आहे, तो तिला वाचून दाखवेल. तीनदा सुरुवात केली आणि तिन्ही वेळा पुसलं. मग तुम्हाला लिहायला बसले, कारण तुम्ही उलट काही विचारणार नाही.