जड आधी पडतं

रविवार, १२ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. आम्ही सगळे मजेत आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. ह्यांचा खोकला गेला. स्वयंपाकघरातला नळ अजून गळतोच.

तुझं निमंत्रण मिळालं. या वेळी तुझी विज्ञानजत्रा थेट आमच्या चिमणीच्याच शाळेत भरणार आणि तुला मंचासमोर पुन्हा तीच हवी. फोनवर म्हणालास, "तिचा चेहरा काय मस्त पडतो गं! लोक खूश होतात." बाटल्या पाडून दाखवणाऱ्याला भाचीचा चेहराही पाडता येतो, कौतुकच आहे.

मागच्या जत्रेत तू टेबलावर चढलास. एका हातात काठोकाठ भरलेली बाटली, दुसऱ्या हातात अर्धी. कुठली आधी पडेल, असं विचारलंस. चिमणीने हात वर करून सांगितलं, "जड आधी." दोन्ही एकदम आदळल्या, सभागृह हसलं, त्यात तिच्या वर्गातली मुलंही होती. तू तिला टपली मारून माइकवर म्हणालास, चुकायला लाजायचं नाही. वर टाळ्याही घेतल्यास.

दादा, ती चुकली नव्हती. तुझ्याबरोबरच आमच्या जिन्यावरून बाटल्या टाकून टाकून तिने शेजाऱ्यांचं डोकं उठवलं होतं; दोन्ही एकदम पडतात हे तिला पक्कं ठाऊक होतं. पडद्यामागे तूच तिला पढवलंस की कुणीतरी चुकल्याशिवाय रंगत येत नाही. मामाने सांगितलं म्हणून ती तसं म्हणाली.

वर्गात तिला आता 'जडआधी' म्हणतात. तो पोरखेळ म्हणून मी सोडूनही दिला असता. पण परवा बाईंनी मला बोलावून घेतलं. प्रश्न संपायच्या आत हात वर करणारी मुलगी आता नाव घेऊन विचारलं तरी खाली बघते, म्हणाल्या. आजारी आहे का, असंही विचारलं.

मला तुझा राग आलाय. 'हात लावा, करून बघा' असा फलक घेऊन शाळाशाळांतून फिरतोस, आणि घरातल्या पोरीने स्वतःच्या हातांनी करून बघितलेलं तिच्याच तोंडून खोटं पाडलंस. वर तुला ते कळतही नाही, याचा जास्त संताप येतो.

काल तुझं निमंत्रण तिच्यापुढे ठेवलं आणि विचारलं, जायचंय का? तिने मलाच विचारलं,

"आई, खरं सांगू, की मामाला हवंय ते?"

मी निमंत्रणाची घडी घालून ते उचलून ठेवलं. ती येणार नाही. तूही इतक्यात घरी येऊ नकोस.

तिची आई