ऑर्गनच्या मागे

बालाघाट, रविवार संध्याकाळ

आज चर्चमध्ये आमच्या संगीत मंडळाचा कार्यक्रम झाला. बासरी माझी होती, ऑर्गनवर हे. चार महिने घरी बसून दोघांनी यमन बसवला होता. सुरू व्हायच्या दहा मिनिटं आधी लाइट गेली आणि ऑर्गनच्या नळ्यांना हवा देणारी मोटर बंद पडली. मागच्या कोठडीत हातानं ओढायचा जुना भाता आहे. तो फक्त मलाच जमतो. बाबांनी लहानपणी शिकवला होता.

"तू मागं जाऊन बस," हे म्हणाले. "बासरी विनीता वाजवन. तिले सारं येते."

विनीता माझीच विद्यार्थिनी. 'मले काहून नाही इचारलं?' एवढंच म्हणायचं होतं. बासरी विनीताच्या हातात दिली अन् मागं गेले. का नाही म्हटलं?

कोठडीत धड उभंही राहता येत नाही. दांडा खाली, दांडा वर. बाहेर विनीता छान वाजवत होती, तेच जास्त झोंबलं. मधेच मी दांडा सोडून दिला. मुद्दाम. ऑर्गन कण्हत थांबला, एकटी बासरी उरली. मग भीती वाटली अन् पुन्हा ओढायला लागले.

घरी येताना हे म्हणाले, "मधात हवा बंद झाली, हात दुखला का तुया?"

"हौ."

खोटं बोलले, आणि त्यांना ते पटलं. म्हणाले, "मोटरचा काही भरोसा नाही. पुढच्या कार्यक्रमात भात्यावर तुयंच नाव देऊन टाकलं मी."

त्यालाही मी हौ म्हटलं.