बावन्न दारांची वाकळ

मी, संयोगिता दिनकर इंगवले, वय ७४, विज्ञानाची निवृत्त शिक्षिका, राहणार कोल्हापूर, हे मृत्युपत्र स्वहस्ते व स्वखुशीने लिहीत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. तरीही कुणाला शंका असेल, तर त्याने मी जिवंत असेपर्यंत घरी येऊन विचारावी.

१. राहते घर व बँकेतील ठेव मुलगा उदयसिंह याला. अट एकच: दर मार्चच्या पहिल्या आठवड्यात पुढची खोली गल्लीतल्या बायकांना वाकळ शिवायला मोकळी द्यायची.

२. शिलाई मशीन मेहमुदा शिकलगार हिला. तिने जोडलेला सांधा उसवत नाही.

३. पहिली वाकळ. हिच्याबद्दल सविस्तर लिहिते, कारण उदयसिंह ती ड्रायक्लीन करून पुण्याच्या फ्लॅटमध्ये लावू म्हणतो.

खडीचे डंपर दिवसभर आमच्या गल्लीतून जात. पोरे खोकत. तक्रार नेली, तर महापालिका कार्यालयातले साहेब म्हणाले, "बाई, धूळ कुठं हाय? मला तर दिसंना." मी बावन्न घरांना पांढऱ्या कापडाचा एकेक तुकडा दिला. तीस दिवस दाराला बांधायचा, हात लावायचा नाही. शेवटी एकावन्न तुकडे काळे आले. शेजारच्या आक्का पोवारचा पांढराशुभ्र.

"आक्का, हे काय केलंस?"

"काल पावणं पोरगी बघाय आलतं. दारात असलं काळं फडकं ठिवू व्हय? साबण लावून धुतलं की!"

मी तिला भर चौकात अडाणी म्हटले. मेहमुदाने मात्र तो तुकडा टाकू दिला नाही, मधोमध शिवला. वाकळ चौकात टांगली, तेव्हा साहेबांनी नेमके त्यावरच बोट ठेवले. "हा कसा स्वच्छ?"

आक्का म्हणाली, "ह्यो धुतलाय, सायेब. पोरांच्या छातीतलं कुठं धुवायचं, ते तुमी सांगा."

महिन्यात आदेश निघाला आणि डंपर बाहेरच्या रस्त्याने वळले. आदेश वर्षाचाच असतो. तो वाढवून घ्यायला दर मार्चअखेर नवी वाकळ पहिलीशेजारी टांगून दाखवावी लागते. चार वर्षे नवी वाकळ फिकी होत आली आहे. मोजायचे यंत्र आम्हाला कुणी दिले नाही. आम्ही ते चिंध्यांतून केले. याचा मला अभिमान आहे.

ही वाकळ आक्काला. ती कुणीही धुवू नये, आक्कानेही नाही. 'अडाणी' हा शब्द मी मागे घेते. चौकात बोलले होते, म्हणून हे कलम चौकातच मोठ्याने वाचावे.

४. यंदाचे तुकडे १ फेब्रुवारीला बांधले आहेत. मुदतीआधी मी गेले, तर माझ्या दाराचा तुकडा काढू नये. अंत्ययात्रेपुढचे शेणींचे (गोवऱ्यांचे) मडके पुढच्या दारात पेटवू नये. परसात पेटवून मागच्या दाराने न्यावे. धुराने कापड काळवंडले, तर साहेब म्हणतील, डंपर वळवून फरक पडला नाही.

सही: संयोगिता दि. इंगवले
कोल्हापूर, ९ फेब्रुवारी २०२६

बाईंनी आमच्यासमोर वाचून सही केली. आम्हीही त्यांच्यासमोर केली:
१. जोतीराम बाळासो चौगुले
२. राजनंदिनी अमरसिंह सासने