चार नंबरची खोली

दि. ९ एप्रिल १९३६, देवळाली
चार नं.चे क्षयाचे पाहुणे सकाळच्या गाडीने गेले. खोकला होता तसाच. खोली रीतीप्रमाणे रिकामी ठेवली : पंधरा दिवस दारं-खिडक्या उघडी, कडुनिंबाची धुरी, मग चुना. भिकूशेठनी हे आरोग्यभुवन बांधलं तेव्हापासूनची रीत, ऐन हंगामातही मोडली नाही. त्यांच्यामागे मुलानं मुंबईच्या कंपनीला विकलं. मॅनेजर मीच, पाटी नवी.

दि. १०
कंपनीची तार. उद्या पाहुणे, चार नं. द्या. उलट तार केली : क्षयाची खोली, चुना व्हायचाय, बाकी सगळं भरलेलं. दुपारी उत्तर : खोली रिकामी ठेवू नये. बस्स, एवढंच. दोनदा वाचली. झाडणारी गंगूबाई म्हणाली, "मी नाय तिथं गादी घालनार साहेब. शेठ असते तर तार फाडून टाकली असती." मुंबईत बसलेल्यांना इथला खोकला कुठून ऐकू जाणार?

दि. ११
नवरा-बायको आणि दीड वर्षाची मुलगी. टांग्यातून उतरल्याबरोबर पोर थेट चार नं.कडे. मी दारात आडवाच आलो. बाई दचकल्या. खरं सांगितलं तर अख्खं भुवन रिकामं होईल, म्हणून म्हणालो, छप्पर गळतं. भर एप्रिलात. माझं मलाच हसू आलं. आमचं बिऱ्हाड त्यांना दिलं. सौ.नं भांडी उचलली. मग विचारलं, "आपण कुठं?"
"चार नंबरात."
"आणि बाळू?"
परक्याची पोर वाचवताना आपला मुलगा माझ्या डोक्यातच आला नव्हता.

दि. १२
सौ. बाळूला घेऊन सिन्नरला, माहेरी. मी एकटा चार नं.त.

दि. १६
कंपनीचं पत्र. पाहुण्यांनी आमच्या बिऱ्हाडाची फार स्तुती केली आहे, सबब ते यापुढे पाहुण्यांनाच द्यावं. मॅनेजरनं गावात सोय पाहावी. चार नं. परवा मोकळी करावी, मंडळी सहकुटुंब येत आहेत.
गंगूबाईनं न सांगता चुना भिजत घातला. "दोन दिसात वाळंल का हो?" म्हणाली.
चुना वाळेल. पंधरा दिवस कुठून पुरे करू?